ग्वानाहुआतोला जाताना

करामा, दुबई
शुक्रवार, ११ ऑक्टोबर २००२

चि. सौ. आभास,

अनेक आशीर्वाद. सुदेशलाही आशीर्वाद. मी बरी आहे. ऑक्टोबर आला तरी इथे एसी बंद करायची सोय नाही. शाळेतलं शिकवणं चालू आहे. नोकरी आहे म्हणून व्हिसा आहे.

तुझ्या ईमेलना उत्तर दिलं नाही, रागावू नकोस. तू लिहिलंस, "ताई, तुम्ही दोघं मेक्सिकोत ग्वानाहुआतोला गेला होतात ना, मग टिप्स दे की!" कॉम्प्युटरसमोर बसले की हातच चालत नाही. म्हणून हे पत्र.

तर ऐक. गाव डोंगरात वसलंय, गल्ल्या दगडी आणि चढाच्या. टाचांच्या चपला नेऊ नकोस. मोटारी बऱ्याचशा जमिनीखालच्या बोगद्यांतून जातात. टॅक्सीत बसायच्या आधी भाडं ठरव. पाणी बाटलीचंच पी. 'सिन कार्ने' म्हणजे मांस नको; पण तिथल्या घेवड्याच्या उसळीत डुकराची चरबी असू शकते, तेव्हा 'मांतेका?' असं विचारूनच घे. मक्याच्या गरम पोळ्या मात्र पोटभर खा. संध्याकाळी गारठा पडतो.

आणि गाव उंचावर आहे गं. पहिल्या दिवशी चढू नका. सुदेशला धाप लागली तर असाल तिथेच बसा. 'आंबुलान्सिया' हा शब्द पाठ करून जा.

तुझे भावजी हॉस्पिटलमध्ये झोपेतच गेले, असं मी सगळ्यांना सांगितलं. तसं नव्हतं.

तिथल्या मंडईमागच्या पायऱ्या चढत होतो. हे पुढे. "यल्ला सुनेत्रा, चल, वरून सगळं गाव दिसेल!" म्हणाले आणि एकदम खाली बसले. घामाने डबडबलेले. मी डॉक्टर शोधायला धावले. हिंदी, इंग्रजी, सगळं बोलून झालं, कुणाला कळेना. शेवटी एका औषधवाल्याला हाताला धरून आणलं. पायरीवर संत्री विकणाऱ्या बाईने ह्यांचं डोकं मांडीवर घेतलं होतं. एप्रनने वारा घालत ती तिच्या भाषेत काहीतरी समजावत होती आणि हे तिला मराठीत सांगत होते, "बरं वाटतंय आता." मी खालूनच ऐकलं. वर पोचले तेव्हा तिने माझ्याकडे बघून नुसती मान हलवली.

घरी मी ते कसं सांगणार होते? परक्या बाईच्या मांडीवर? 'मग तू कुठे होतीस?' असं सगळ्यांनी मला विचारलं असतं. नकोच ते, वाटलं.

सुजीत अमेरिकेहून फोन करतो. "आई, यू ओके?" मी "येस बेटा" म्हणते, खलास. शुक्रवारची सुट्टी फार लांबते.

ती संत्रीवाली बाई ठेंगणी आहे, पांढरी वेणी, गालावर तीळ. नाव विचारायचंही सुचलं नाही, आभार तर दूरच. दिसली तर तिच्याशेजारी पायरीवर थोडा वेळ बस. तिचा हात हातात घे. 'ग्रासियास' म्हण, माझ्या वतीने.

आणि मग मला फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी घरीच असते गं. हल्ली घरीच असते.

वाट बघणारी,
तुझी ताई