स्टिक पुरी ओढ

सौंसर,
१८ नोव्हेंबर २०२५

प्रिय रूपाली,

अनेक आशीर्वाद. नागपूरहून बसनं सुखरूप घरी पोचलो. आई-बाबा मजेत आहेत. संत्र्याच्या आंबिया बहाराची तोडणी सुरू आहे. पांढुर्ण्याचा व्यापारी काल बगीचा पाहून खूश होऊन गेला. तू दिलेली साडी तुझ्या वहिनीनं, अमितानं, लगेच नेसून पाहिली.

बंगळूरला पोरीनं काय दाखवलं, असं बाबांनी पहिल्याच संध्याकाळी विचारलं. मी सांगितलं, हवाई दलातल्या माझ्या जुन्या विमानात स्टिक हलवली की सळ्या-दट्ट्यांतून थेट पंखाच्या पट्ट्या हलायच्या. रूपालीच्या विमानात स्टिक तारेतून फक्त निरोप पाठवते. पट्टी किती हलवायची ते संगणक ठरवतो, आणि त्या संगणकाला रीत शिकवणाऱ्यांत ती आहे. बाबा म्हणाले, "म्हणजे पायलटच्या अन् पंखाच्या मधात आपली रूपाली बसून राहिली." मला याहून चांगलं सांगता आलं नसतं.

तुझ्या ऑफिसातल्या सिम्युलेटरमध्ये, त्या जमिनीवरच्या नकली विमानात, बसल्याचं मात्र घरात सांगितलं नाही. निघताना तुझ्याशीही स्टेशनवर त्याबद्दल धड बोललो नाही.

नऊ वर्षांपूर्वी सरावाच्या लढतीत मी विमानाचं नाक फार वर खेचलं होतं. वेग गेला, हवा पंखाला सोडून गेली, विमान थरथरलं अन् डावा पंख पडून भोवऱ्यासारखं फिरायला लागलं. इजेक्ट झालो, खुर्चीसकट बाहेर फेकला गेलो, म्हणून आज हे लिहून राहिलो. पाठ वर्षभरात बरी झाली. डॉक्टरांनी पुन्हा उडायची परवानगीही दिली होती. मीच गेलो नाही. नोकरी सोडली, घरी पाठीचं कारण सांगितलं.

त्या दिवशी तुझ्या पडद्यावर नाक तसंच आभाळाकडे गेलं, तेव्हा माझा हात आपोआप दोन पायांमधल्या इजेक्शनच्या कडीकडे गेला. खुर्ची जमिनीवर पक्की बसवलेली आहे हे माहीत असून. तू बाहेरून पाहिलं असशील. कानात तुझा आवाज आला, हळू, घरच्या बोलीत: "दादा, स्टिक ओढ. पुरी ओढ. पडू देत नाही मी."

ओढली. पोटाला लागेपर्यंत ओढली. नाक एका कोनावर जाऊन थांबलं. वेग उतरत होता, विमान खाली बसत होतं, पण पंख सरळ. मी मागत होतो तेवढं ते देत नव्हतं, त्याला झेपेल तेवढंच देत होतं. मग स्टिक डावीकडे नेली. जुन्या विमानात तिथं असं केलं की संपलं. हे निवांत वळलं. रडरचं, म्हणजे शेपटीच्या पट्टीचं, पेडल दाबायला सवयीनं पुढे गेलेला पाय मी मागे घेतला; गरजच नव्हती.

नंतर तुझ्या साहेबांनी विचारलं, नव्या पायलटांना शिकवायला याल का. मी संत्र्यांचं निमित्त केलं. तू आग्रह धरला नाहीस, त्याचं बरंही वाटलं अन् वाईटही.

काल अमिताला सगळं सांगितलं, पाठीचंसुद्धा. ती हसलीच. "दुखऱ्या पाठीचा माणूस इतके क्रेट उचलते का? मले ठाऊक होतं. कधी जाऊन राहिले ते सांगा."

तर साहेबांना सांग, तोडणी आटोपली की येतो. बगीचा अमिताचा भाऊ संदीप लोधीखेड्याहून येऊन पाहील. आई-बाबांना आज जेवताना सांगणार आहे.

हुद्दा लावून सही करायचं मी सोडलं होतं. आज करतो.

तुझा दादा,
स्क्वाड्रन लीडर कुलदीप