एक सोडून सगळे

५ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

फोन करत नाही म्हणून रागावू नकोस. कंपनीने घरचा फोन मोकळा ठेवायला सांगितलाय, कधी बोलावतील नेम नाही. मी तो पुसायलासुद्धा उचलत नाही. तेवढ्यात वाजून गेला तर?

सोट्याला नेलं त्याला आज सोळा दिवस झाले. पेपरात तू वाचलंच असशील, तरी माझ्याकडून ऐक. पुलाच्या कामावरून नऊजणांना बंदुका दाखवून उचललं. त्यात मोजणीवाला म्हणून माझा सोट्या, आणि म्हातारे मुकादम. डोंगरात कुठेतरी एका बंद गोदामात ठेवलंय म्हणतात. दर गुरुवारी अकराला कंपनीच्या कचेरीत त्या लोकांचा फोन येतो आणि एका घराला दीड मिनिट बोलू देतात. त्यांचा दुभाष्या मधे बसून सगळं ऐकत असतो. आमची पाळी वीस तारखेला आहे. तोवर आम्ही नऊही घरांतली माणसं दर गुरुवारी कचेरीच्या बाकावर रांगेने बसतो आणि ज्याची पाळी असेल त्याच्या तोंडाकडे बघतो.

सरकारकडून एक चष्मेवाले साहेब येतात. बोलणी चालू आहेत, असं सांगतात.

आता कामाचं. तळवे सपाट म्हणून तुला सैन्यात घेतलं नाही, आणि तू जन्मभर वाचनालयात बसून कमांडोंची पुस्तकं गोळा केलीस. आम्ही तुला खुर्चीतले सेनापती म्हणायचो. आता नाही म्हणणार. धरून ठेवलेली माणसं सोडवून आणतात ती कशी, हे मला वाचायचंय. तुझ्या कपाटातली पाठव, आणि आधी सोपं दे. मी गणिताची बाई, इतिहास मला कधी जमला नाही.

हे असते तर त्यांना धरून बसले असते. आता तुझाच आधार. लोभ आहेच, थोडा जास्त लागेल.

तुझी,
बेबी


८ मार्च

चि. बेबीस,
अनेक आशीर्वाद.

तीन पुस्तकं पाठवली आहेत. याच क्रमाने वाच.

पहिलं निळ्या कव्हराचं. एका विमानतळावरच्या सुटकेचं. लिहिणारा स्वतः तुकडीत होता, त्यामुळे फुशारकी आहे, ती सोडून दे. पण तयारी काय सुरेख सांगितलीय! मैदानात दोऱ्या ताणून इमारतीच्या खोल्या आखल्या आणि डोळे बांधून त्यातून शंभरदा पळाले. शेवटी सारं आठ मिनिटांत उरकलं, एक सोडून सगळे सुखरूप परत आले. हे वाचून तुला धीर येईल.

दुसरं एका डॉक्टरीणबाईंनी सुटून आलेल्यांशी बोलून लिहिलंय. आत बसलेल्या माणसांचे दिवस कसे जातात ते त्यात आहे. हळू वाच, आणि रडू आलं तर पान ओलं करू नकोस, वाचनालयाचा शिक्का आहे त्यावर.

तिसरं जाडजूड, बारा मोहिमांचं. उत्तम आहे, पण सातवं प्रकरण वाचायचं नाही. मी तेवढी पानं पांढऱ्या दोऱ्याने बांधली आहेत. तिथून सरळ आठव्यावर जा. चाळीस वर्षं ग्रंथपाल होतो, कोणाला काय द्यायचं आणि काय नाही हे मला कळतं, एवढं ऐक.

जेवत जा. माया आहे ती आहेच, तिचा हिशेब विचारू नये.

तुझा,
दादा


१४ मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

दोरा कात्रीने कापला. तू बांधलास तिथेच चुकलास.

सातव्यात काय आहे ते तुला ठाऊक आहे, पण मला कोणाला तरी सांगायलाच हवं. दार फोडतात, धूर होतो, आत येणारे ओरडतात की सगळ्यांनी आडवं व्हा. जो उभा दिसेल तो शत्रू समजायचा, कारण विचार करायला अर्धा सेकंदही नसतो. त्यात तिघे उभे राहिले. पळायला नाही रे, आनंदाने. सुटलो म्हणून. तिघेही गेले.

दादा, सोट्या उभा राहील. दारातून कोणी आलं की हा ताडकन उठतो. पोस्टमन आला तरी उठतो. मीच लावली ती सवय, वर्गात तीस वर्षं लावली तशी घरीही. आणि अंगाने असा उंच, दिसणार सगळ्यांत आधी. परवा दिवसभर मी त्याची रिकामी खुर्ची बघत बसले होते.

अजून एक. काल साहेबांनी आम्हाला एकेकाला आत बोलावलं. मुलगा किती उंच, चष्मा लावतो का, दोन्ही कानांनी ऐकू येतं का, गुडघे धड आहेत का, घाबरला की काय करतो, असं विचारून लिहून घेतलं. हल्लीचा फोटोही घेतला. बोलणी चालू असताना गुडघे कशाला लागतात? मी विचारलं नाही, भीती वाटली.

बाकावर माझ्या शेजारी मुकादमांच्या बाई बसतात. थर्मासमधून बिनसाखरेचा चहा आणतात. मुकादमांना साखर वर्ज्य, म्हणून घरात सगळ्यांचीच गेली. त्या म्हणाल्या, साहेबांनी विचारलं तुमचे यजमान घाबरले की काय करतात, तर मी सांगितलं, आमच्याकडे चोर आला तरी हे आधी हात पुढे करतील. नव्या मजुराला पहिल्या दिवशी उठून हात देतात म्हणे. आम्ही दोघी हसलो. मग मला हसवेना.

आणि निळ्या पुस्तकातला तो एक कोण? मागे सैनिकांची नावं, हुद्दे, पदकं सगळं आहे. त्याचं नाव कुठेच नाही. तू तर ते पुस्तक पाठ केलंयस, तुला माहीत असेल.

पत्राची वाट बघते. लोभ असू दे, आणि लवकर लिही.

तुझी,
बेबी


१७ मार्च

चि. बेबीस,
आशीर्वाद.

हे पत्र वाचून झालं की फाड. नुसतं फाडू नकोस, जाळ.

साहेबांनी विचारलेले प्रश्न माझ्याकडच्या तीन पुस्तकांत आहेत, जवळजवळ याच क्रमाने. हे प्रश्न कधी विचारतात तेही त्यांत आहे. मी याहून जास्त लिहीत नाही, तू समजून घे. माझा अंदाज चुकीचा असू शकतो. देव करो आणि चुकीचा असो, की बरोबर असो, हेही मला आता सांगता येत नाही.

सोट्याला सांगायला हवं, आणि तुझ्याकडे गुरुवारची दीड मिनिटं आहेत. दुभाष्या ऐकणार. म्हणून त्याला गांधीलमाशांची आठवण दे. तो सहा वर्षांचा होता, माळ्यावरचं पोळं खोलीत पडलं, तू सगळ्यांना जमिनीवर पालथं झोपवलंस, आणि मी मूर्खासारखा दार उघडून आत आलो. बाकीची मुलं पडून राहिली आणि हा मामा आला म्हणून उठून उभा राहिला. अकरा डंख. चेहरा भोपळ्याएवढा झाला होता. ते तो विसरणार नाही.

एवढंच बोल: घरात पुन्हा गांधीलमाशांनी पोळं केलंय, मामा काढायला येणार आहे, त्याने बजावलंय की या वेळी मी दारातून आलो तरी कोणीही उठायचं नाही. कोणीही, हे नीट म्हण. म्हणजे तो आसपासच्यांनाही सांगेल. हे पाठ कर. मुकादमांचं किंवा दुसऱ्या कोणाचं नाव घेऊ नकोस, आणि त्यांच्या बाईंनाही काही बोलू नकोस. एका तोंडून दुसऱ्या कानाला गेलं की नऊच्या नऊ संपतील. दुभाष्या काही दूधखुळा नसेल.

तो एक कोण, हे मला माहीत नाही. चार वेळा वाचलं पुस्तक, आणि कधी मनातही आलं नाही विचारावं असं.

बेबी, ही पुस्तकं मी पाय पसरून, सुपारी चघळत वाचली. काल त्यांतलं एक पान पुन्हा काढलं, आणि पहिल्या ओळीलाच पुस्तक मिटून ठेवलं.

धीर धर, हे सांगायचा मला काय अधिकार? तरी धर.

तुझा,
दादा


२० मार्च

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

बोलले. आवाज त्याचाच होता, खोल गेलेला. मी पाठ केलेलं सांगितलं. पोळं झालंय, मामा येणार आहे, तो दारातून आला तरी तू उठायचं नाहीस असं त्याने बजावलंय. पलीकडे काहीच नाही. मला वाटलं फोन कापला, दुभाष्याला कळलं, आता त्याला तिथेच... मग सोट्या म्हणाला, आई, तुझी तब्येत बरी आहे ना? आणि मामांना नमस्कार सांग म्हणाला. वेळ उरला होता, त्यात जेवतोस का विचारलं.

त्याला कळलं का रे? की आईचं डोकं फिरलं असंच वाटलं असेल?

बाहेर आले तर मुकादमांच्या बाईंनी विचारलं, आमच्यांबद्दल काही म्हणाला का. पुढच्या गुरुवारी त्यांची पाळी. नाही म्हणाले, आणि त्यांनी दिलेला चहा घेतला. तुझं पत्र जाळलंय, तरी हाताला वास येतोय असं वाटतं.

लोभ राहू दे.

तुझी,
बेबी


३० मार्च

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

दवाखान्यातून लिहितोय. गुडघा फुटलाय आणि उजव्या कानात शिट्टी वाजते, बाकी धडधाकट आहे. आई सांगते, सगळं तुमच्या पुस्तकांमुळे. मामा, तुमच्या पुस्तकांत ते अंधारात येतात ना? आमच्याकडे मंगळवारी भर दुपारी आले. जेवून भिंतीला टेकून बसलो होतो.

खरं सांगतो, आईचं बोलणं मला कळलं नव्हतं. ती काळजीने भ्रमिष्ट झाली असं वाटून मी पाच दिवस तिच्याच चिंतेत होतो. कोणाला सांगितलंही नाही, लाज वाटली. दार फुटलं, धूर आला, आणि मी उठलो. सवयच ती. अर्धा उठलो होतो, तेव्हा धुरातून एक माणूस आत येताना दिसला आणि एकदम डोक्यात आलं, मामा आला. मग असा आपटलो की गुडघा गेला. शेजारी ड्रायव्हर होता, त्याची मान धरून त्यालाही खाली ओढलं. बाकीच्यांना ओरडून सांगितलं, पण माझा आवाज मलाच ऐकू आला नाही.

मुकादमकाका समोरच्या भिंतीला होते. ते उठले. चेहरा इतका आनंदी होता, मामा. त्यांनी हात पुढे केला.

मला पुढचं लिहिता येत नाही. तुम्ही आलात तर मी पडूनच राहीन, राग मानू नका.

आपला,
सोट्या


२ एप्रिल

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

पेपरचं कात्रण सोबत आहे. मोहीम यशस्वी, एक सोडून सगळे सुखरूप परत, असं छापलंय. आत तुकडीच्या प्रमुखाचा फोटो आहे. मुकादमांचा नाही.

सोट्याचं ताट मांडते आणि आनंदाने रडू येतं. मग थर्मास आठवतो आणि मी माझं ताट बाजूला सारते.

आता तुला एक सांगते, इतके दिवस तुलाही सांगितलं नाही. तू लिहून दिलं होतंस, कोणीही उठायचं नाही. मी शंभरदा घोकलं होतं. पण त्याचा आवाज कानात आला आणि माझ्या तोंडून आलं, तू उठायचं नाहीस. तू. वेळ उरला होता दादा, दुरुस्त करता आलं असतं. मी विचारलं, जेवतोस का. सोट्या म्हणतो, त्याला कळलंच नव्हतं, म्हणून काही फरक पडला नसता. तो माझ्यासाठी म्हणतो. कोणीही म्हटलं असतं तर कदाचित त्याला अर्थ लागला असता, कदाचित नसता. हे गणित मला सुटत नाही.

काल मुकादमांच्या बाई येऊन गेल्या. कचेरीत आता बसायचं नाही, तर गुरुवारी अकराला काय करावं ते सुचत नाही म्हणाल्या, तुमच्याकडे येऊ का? मग म्हणाल्या, तुमचे भाऊ पुस्तकं जाणतात, त्यांना विचारा, आमच्यांसारखं कोणाचं झालं असेल आणि त्या माणसाबद्दल कोणी नीट लिहिलं असेल, असं एखादं पुस्तक आहे का. मी म्हटलं, विचारते. म्हणून विचारतेय. पण मला वाटतं, तुझ्या कपाटात ते नाही.

तो एक कोण, हे आता मला माहीत आहे. चहा बिनसाखरेचा घ्यायचा आणि नवीन आलेल्याला उठून हात द्यायचा.

निळं पुस्तक परत पाठवत नाही. त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानावर मी एवढं पेन्सिलीने लिहून ठेवलंय. शिक्क्याचं पुस्तक खराब केलं म्हणून काय दंड व्हायचा तो होऊ दे.

उद्या गुरुवार. त्या अकराला येतील. आधी मी भीतीने लपवलं, आता सांगायची भीती वाटते. तरी त्या दारात आल्या की मी उठून उभी राहणार आहे, आणि सांगणार आहे.

लोभ असू दे. या पत्रानंतरही.

तुझी,
बेबी