गेलेल्या लाईटीचं बटन

अहो गुरुजी,

सगळा गाव म्हणायचा म्हणून लग्नानंतर मीही तुम्हाला गुरुजीच म्हणत राहिले. आता ही सवय कशाला मोडू? काल कळमनुरीच्या बाजारात कविता भेटली. तांड्यावरच्या किसन राठोडची कविता. तिनं एक गोष्ट सांगितली आणि ती ऐकायला खरं तर तुम्ही हवे होतात. तुम्हाला जाऊन दोन वर्षं होत आली. हे पत्र कुठं टाकायचं ते मला ठाऊक नाही, पण तुम्हाला सांगितल्याशिवाय चैन पडायचं नाही.

तांड्यावरच्या शाळेत पहिल्यांदा लाईट आली, ते आठवतं का? तेव्हा आपला जिल्हा परभणीच होता, हिंगोली वेगळा व्हायचा होता. वर्गात एक बल्ब आणि एक पंखा. पंखा असा कुरकुरायचा की पोरं पाढे विसरून वरच बघत बसायची. तुम्ही पहिल्याच दिवशी फर्मान काढलंत : वर्गातून जो शेवटी बाहेर पडेल त्यानं बटन बंद करायचं. मग काय! शेवटचं कोण, यावरून पोरांत मारामाऱ्या! शाळा सुटली तरी कुणी जागचं हलेना.

शाळेतलं जमलं, पण घरांचं काय? तांड्यात बटन बंद करायची रीतच नव्हती. लाईट आपली आपण जायची, आपली आपण यायची, मग बटनाला हात कशाला लावायचा? कुलूप घातलेल्या घरात भरदुपारी बल्ब जळत राहायचा. शेतातल्या मोटरींना तर ऑटो बसवलेला, म्हणजे माणूस नसला तरी लाईट आली की मोटर सुरू. लाईट आली रे आली, सगळ्यांची एकदम ओढ लागायची आणि खांबावरची डीपी जळायची. नवी डीपी येईपर्यंत पोरं रॉकेलच्या चिमणीवर अभ्यास करायची आणि सकाळी काजळलेल्या नाकानं शाळेत यायची.

तुम्ही ते किती छान शिकवलंत! सगळ्या वर्गाला सांगितलंत, "एकदम दारातून पळा." पोरं दारात अशी अडकली की कुणाचा सदरा फाटला, कुणाची पाटी फुटली. मग एकेकाला सोडलंत. सगळी सुरळीत बाहेर. "हे दार म्हणजे आपली डीपी," तुम्ही म्हणालात, "लाईट गेली की आधी बटन बंद. आली की लागेल तेवढंच चालू." पोरं घरोघरी तेच करत सुटली. बायका कपाळावर हात मारायच्या, "गेलेल्या लाईटीचं बटन बंद करून राहिलं हे पोरगं! काय म्हणावं याला?"

आणि आपल्या घरात? मी स्वयंपाकघरातून पाणी आणायला वळले की तुम्ही मागून बल्ब बंद! अंधारात मी उंबऱ्याला ठेचकाळायची. ओरडले की म्हणायचात, "चुलीचा उजेड आहे की." तुमच्याशी संसार म्हणजे चाचपडतच करायचा होता!

कविता तेव्हा पाचवीत होती. सगळ्यांत चुणचुणीत. तुमचा तिच्यावर जीव होता हे मला दिसायचं. "ही पोरगी शिक्षिका होईल बघ," असं जेवताना कितीदा म्हणाला असाल! तिच्या घरात तिची आई, म्हणजे याडी, आणि बापू दोघंही तिच्या धाकात. लाईट गेली की ती हिंडून सगळी बटनं बंद करायची.

त्या हिवाळ्यात किसन वसमतकडं सोयऱ्यांच्या लग्नाला आठ-दहा दिवसांसाठी गेला. मोटर ऑटोवर टाकून निर्धास्त गेला. इकडं लाईट गेली आणि कविता घरचं उरकून थेट विहिरीवर गेली. तिथलंही बटन तिनं बंद केलं. धडा शेतापर्यंत पाळणारी ती एकटीच! लाईट आली तरी ते बंदच राहिलं; याडीला वाटलं, मोटर ऑटोवर आहे, आपली आपण चालत असेल. गहू ओंबीवर आलेला, रान हलकं. किसन परतला तेव्हा निम्मं रान करपलं होतं.

तो शाळेत आला तेव्हा मी तुमचा डबा घेऊन दारातच उभी होते. ओरडला नाही तो. ओरडला असता तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाला, "गुरुजी, तुमी लाईट वाचवली. माझा गहू काहून न्हाई वाचवला? आता पोरगी शाळंत येनार न्हाई." तुमच्या हातातला खडू तसाच राहिला.

मी किती मागं लागले तुमच्या! "जाऊन या ना एकदा किसनकडं. वाघ आहे का तो?" तुम्ही म्हणायचात, "कोणत्या तोंडानं जाऊ? माझ्या शिकवण्यानं त्याच्या घरातला घास गेला." मग कविता शेळ्या घेऊन शाळेवरून जायला लागली, तशी तुम्ही त्या बाजूची खिडकी लावून घ्यायला लागलात. पुढं बटनाचा विषय वर्गात निघालाच नाही. मी मुद्दाम अंगणातला बल्ब दिवसभर जळत ठेवायची, म्हटलं आता तरी खेकसतील माझ्यावर. तुम्ही खाली मान घालून त्याच्याखालून निघून जायचात. तुमचं ते न खेकसणं मला फार लागायचं, गुरुजी.

जाताना, छातीत कफ दाटलेला असतानाही, म्हणालात, "त्या पोरीला मी तो धडा शिकवायलाच नको होता." तेच मनात धरून गेलात.

तर काल ती भेटली. मिरच्या घेत होती. कडेवर लहानगा, पदराला धरून सहा-एक वर्षांची मुलगी. मला पाहिलं आणि पायाच पडली बाजारात! तुम्ही गेल्याचं तिला कळलं नव्हतं. मी सांगितलं तशी मिरच्यांची पिशवी खाली ठेवून रडली. मी म्हटलं, "तुला तो धडा शिकवला याचं त्यांना शेवटपर्यंत वाईट वाटत होतं ग."

तिनं डोळे पुसले. म्हणाली, "त्याचं कशाला वाईट वाटून घेतलं बाई? धडा बराबरच होता. मीच लेकरू होते, बापूला इचारलं न्हाई. बापूचा राग तर होळीपत्तुरच उतरला होता. याडीला म्हनले, गुरुजी घरी येऊन घोटभर पानी पिले की उद्याच पोरगीला पाठवतो. आमच्यात तसंच असतंय बाई. घरचं पानी पिलं की तंटा मिटला. बापू रोज बाज झाडून ठेवायचे. मी दप्तर घेऊन बाजंपाशी बसायची. गुरुजी आलेच न्हाईत."

ऐकलंत का, गुरुजी? बाज झाडून ठेवायचा तो! शाळेपासून त्याचं घर ते केवढं लांब? हाक मारली तर ओ ऐकू येईल एवढंच. घोटभर पाणी प्यायचं होतं हो! माफीसुद्धा मागायची नव्हती. आणि तुम्ही खिडकी लावून बसलात. ती शेळ्या घेऊन शाळेवरून का जायची, हे तरी आता कळलं का? दुसरी वाट नव्हती का तिला?

तुम्ही भले होतात, याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण आपली चूक एवढी मोठी करून बसलात की तिच्यापुढं ती पोरगी दिसेनाशी झाली. मला तुमचा राग येतो आणि राग आला की रडू येतं. आता तर खडसावायलाही तुम्ही नाहीत.

मी तिच्या मुलीला विचारलं, "शाळेत जातेस का ग?" कविता खाली बघून म्हणाली, "सासऱ्याचं मन न्हाई बाई. म्हनतात, शिकून काय करनार पोरगी?" सासर तिचं औंढ्याच्या रस्त्याला आहे. एस.टी.नं तासाभराचा रस्ता.

सोमवारी मी तिथं जाणार आहे. गुडघे कुरकुरले तर कुरकुरू देत. सासऱ्यासमोर बसेन, त्यांच्या घरचं पाणी पिईन आणि पोरीचं बोट धरून तिला शाळेत घालून येईन. बटनाचा धडा मीच शिकवीन तिला. घरातली बटनं तुझी, शेतातलं मोठ्यांना विचारून, एवढं एक वाक्य त्यात जास्तीचं घालून. आणि सासरा नाही म्हणाला, तर मंगळवारी परत जाईन. बुधवारी परत. त्यानं तोंड फिरवलं तरी दारात उभी राहीन. तुम्ही किसनकडं गेला नाहीत ना, म्हणून.

तुमच्यावर अजून रागावलेली,
तुमचीच,
सुमन