मामाला चढवलेला कोट

आशागड, गुरुवार, ११ मे २०१७

मामाच्या दहाव्याचा फ्लेक्स आज नाक्यावर लागला. बघून शिसारी आली. जन्मभर दुसऱ्याच्या वाडीत चिकू उतरवणाऱ्या माझ्या मामाच्या अंगात निळा कोट! मामा म्हणजे चिकाच्या काळ्या डागांचं बनियन, आणि कमरेच्या फडक्यात आम्हा भाचरांसाठी पाखरांनी टोचलेले गोड चिकू. कोट कुठला? खाली हात जोडलेले पाच पुढारी. आजारपणात एक तरी फिरकला का? शी!

मामी फ्लेक्ससमोर बराच वेळ उभी राहिली. मग मला म्हणाली, "हा कोण रे लावलाय?"

स्टुडिओवाल्याने फोनवर विचारलं होतं, "बनियनवर बरं नाय दिसत, कोट टाकू का?"

टाक, असं मीच म्हणालो होतो.