वाढवलेलं एक वर्ष

कडूबादादा,

हे पत्र टाकणार नाही, म्हणून खरं लिहिते. शाळेत तुला एकट्याला भीती वाटायची, म्हणून तू गुरुजींना माझं वय वर्षभर वाढवून सांगितलंस. त्यांनी जन्मतारीख सगळ्यांसारखी एक जून लिहिली अन् मला तुझ्याशेजारी बसवलं.

परवा कागदावर माझी अठ्ठावन्न भरली अन् नोकरी संपली. सूतगिरणीतली नोकरी नऊ वर्षं तीन महिने. पेन्शनला दहा लागतात.

पेन्शन कचेरीतला बाबू म्हणाला, "मावशी, जमा रक्कम परत घ्या, सही करा."

"बाबू, माहं एक वर्ष बाकी आहे ना!"

"खऱ्या वयाचा दाखला आणा." माझ्याकडे आहे तो शाळेतलाच.

तू गावभर सांगतोस, बहिणीले मीच शिकवलं. शिकवलंस खरं. अंगठा उठवणारी असते, तर निवांत उठवला असता. 'यापुढे पेन्शनवर हक्क राहणार नाही' ही अर्जावरची ओळ मला वाचता आली, दादा. सही अजून केलेली नाही.

तुझी, घाईने मोठी केलेली,
रुख्मिणी