साठीच्या आतलं गाव

॥ श्री ॥

मु. बोरखेडी, इंझोरीजवळ
ता. ३ जुलै १९५५

चि. सौ. प्रयागबाईस दादाचे अनेक आशीर्वाद. इकडे आमी सारे खुशाल, कारंज्याले तुमी सारे खुशाल असाल असं धरून चालतो.

पत्राले उशीर झाला, रागावू नको. पेरणी आटोपली, कापसाची पराटी दोन पानांवर आली. तुझी वहिनी म्हणते, नणंदबाईनं धाडलेलं लोणचं संपलं, बरणी धुऊन ठेवली आहे. ती बरणी कायले धुतली ते तुले समजलंच असन.

आता खरी बातमी. तुझा भाऊ पंच झाला. हासू नको. पहिल्याच बैठकीत मी उठून बोललो. बंजाऱ्यांच्या तांड्यात पक्की विहीर नाही, बायका नाल्यातल्या झिऱ्यातून वाटीवाटीनं पाणी भरतात, हे तुले माहीतच आहे. सरकार म्हणते, विहिरीचा निम्मा खर्च आमी देतो, निम्मा गावानं घरपट्टीतून उभा करावा, पण पोळ्याच्या आत. नाही जमलं तर तो पैसा दुसऱ्या गावाले जाईन. म्हणून यंदा पट्टी कसून वसूल करायची ठरलं.

मी म्हटलं, वसूल करा, पण ज्यानं जन्मभर हाडं झिजवली त्याच्या दारात पट्टी मागाले काहून जायचं? साठीच्या वरच्या घरमालकाले पट्टी माफ करा. बाप्पा, काय टाळ्या पडल्या! आपल्या गावचा सगळ्यात मोठा वावरवाला दौलतराव, जो कोणाले विड्याले चुना देत नाही, त्यानं मले अख्खं पान खाऊ घातलं. तेव्हापासून म्हातारे वाटेत अडवून आशीर्वाद देऊन राह्यले आहेत.

जावईबापूंना नमस्कार. माया आहे तशीच राहू दे.

तुझा दादा
उकंडराव

---

कारंजा
ता. ११ जुलै १९५५

ती. दादाच्या सेवेशी प्रयागचा शिरसाष्टांग नमस्कार वि. वि.

तुमी पंच झाल्याचं वाचून मी यांना पत्र वाचून दाखवलं. हे दुकानात कापसाच्या गाठीवर बसले होते, तिथून उतरून म्हणाले, मग आता मेव्हण्याले उभ्यानं नमस्कार करावा लागन. दादा, तुमचं मन लोण्याचं आहे, हे मले लहानपणापासून ठाऊक. म्हाताऱ्यांची कीव तुमाले आली, आनंद झाला.

पण एक विचारू का? आपल्या घराचा मालक कोण? तुमी. वय? सहासष्ट. हाताशी कमावता पोरगा आहे, गोठ्यात दोन बैलजोड्या आहेत, अन् पट्टी माफ. दौलतरावाचं ते एवढं मोठं घर कोणाच्या नावावर? दौलतरावाच्याच. बहात्तराचा झाला, तरी गोठ्याची किल्ली पोराले देत नाही, घर कुठून देईन? ज्या घरी कणग्या भरून ज्वारी आहे त्या घरी म्हातारा जगते, अन् जगते तोवर घर आपल्याच नावावर ठेवते. तांड्यात पाहा. तिथं पन्नाशीतच माणूस जाते, घर पोराच्या नावावर चढते. म्हणजे ज्याच्या घरी म्हातारा जगला त्याले माफी, ज्याच्या घरी मेला त्याले पट्टी. असा हा तुमचा नियम.

रामीबाई आठवते ना? मले पाठीले बांधून आपल्या वावरात निंदण करे ती. आज तिची पंचाहत्तरी आली असन. पण झोपडं तिच्या मदनसिंगच्या नावावर, म्हणून तिच्या घराले पट्टी. अन् विहीर तिच्यासाठीच. दादा, पंचानं टाळ्या ऐकल्यावर थोडं थांबून मोजून पाहावं.

लिहिण्यात कमी-जास्त झालं असन तर पोटात घाला. लोणचं धाडते. वहिनीले म्हणावं, बरणीचं समजलं.

तुमची धाकटी
प्रयाग

---

बोरखेडी
नागपंचमी, ता. २४ जुलै १९५५

चि. सौ. प्रयागबाईस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं अन् दोन दिवस घास गोड लागला नाही. मग घरोघर फिरून पाहिलं. तू म्हणतेस तसंच आहे. गावातल्या पक्क्या घरांत साठीच्या आतला मालक औषधाले सापडत नाही. अन् जे आत होते तेही आता बाहेर पडून राह्यले आहेत. जानराव, तुले माहीत आहे, काळ्याभोर केसांचा. तो म्हणते, छप्पन वर्षांमागच्या मोठ्या दुष्काळात मी चांगला हिंडता-फिरता होतो. त्याची माय म्हणते, तवा हा पोटातही नव्हता. जन्माचा दाखला कोणापाशीच नाही, मग खरं कोणाचं धरू? दौलतरावानं काठी घेतली आहे. काल-परवापर्यंत आंब्यावर चढून पोट्ट्यांना हाकलत होता, आता पंचायतीची पायरी चढताना दोघं धरतात. सारं गाव कण्हून राह्यलं आहे. हासू येते, अन् मग हासल्याची लाज वाटते.

तांड्यात गेलो होतो. मदनसिंगनं एक शेळी विकून पट्टी कवाचीच भरली. तांड्यातल्या सगळ्यांनी भरली. रामीबाईनं गुळाचा काळा चहा पाजला, विहीर कवा होईन इतकंच विचारलं. दौलतरावानं भरली का, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

तिथून सरळ दौलतरावाकडे गेलो, हात जोडले. म्हणाला, नियम तुझा, मी पाळून राह्यलो, त्यात माझं काय चुकलं? मी तसाच घरी परतलो. आता नियम मोडू म्हटलं तर बाकीचे पंच मोडू देत नाहीत, सगळ्यांचे बाप साठीच्या वर. पोळा तीन आठवड्यांवर आहे. निम्म्याचा चौथा हिस्साही जमला नाही. विहीर गेली तर मी तांड्याच्या वाटेनं कसा जाऊ? तुझ्या डोक्यात काही येते का पाहा. पंच मी आहे, पण अक्कल तुझ्या वाट्याले आली, हे आई म्हणतच होती.

उलट टपाली लिही.

तुझा
दादा

---

कारंजा
ता. ३० जुलै १९५५

ती. दादाच्या सेवेशी प्रयागचा शिरसाष्टांग नमस्कार.

सोबत राखी धाडली आहे, वहिनीच्या हातून बांधून घ्या. ओवाळणीची घाई नाही, विहिरीनंतर घेईन.

तुमी नियम मोडायच्या मागे काहून लागले? चांगला नियम आहे, पुरा पाळा. म्हातारपण आलं की माणसाले विसावा द्यावा, हेच ना त्यात आहे? मग पट्टीपुरताच विसावा कायले? दौलतराव इतका थकला आहे की त्याच्यानं पट्टीचं ओझं उचलत नाही. मग पोळ्याच्या दिवशी तोरणाखालून सगळ्यांच्या आधी जाणारी मानाची जोडी दरसाल त्याची असते, तिचा कासरा त्याच्यानं कसा धरवन? बैलानं हिसका दिला अन् हात उखडला तर पाप पंचायतीले. माफी घेतलेल्या प्रत्येक म्हाताऱ्याले घरी खाटेवर बसवा, पेज पाजा, अन् मानाची जोडी पट्टी भरलेल्या घरची काढा. हे सारं गोड तोंडानं सांगा. तुमाले गोड बोलता येते.

पण दादा, आधी आपल्या घरचं पाहा. माफी तुमीही घेतलेली आहे.

हे म्हणतात, हिले पंचायतीत नेऊन बसवा, माझं घर तरी शांत राहीन. यांच्या बोलण्याकडे लक्ष देऊ नका, माझ्याकडे द्या.

तुमची
प्रयाग

---

बोरखेडी
ता. १९ ऑगस्ट १९५५

चि. सौ. प्रयागबाईस मनापासून आशीर्वाद.

कुठून सुरू करू? बैठकीत मी पहिले आपली पट्टी ठेवली अन् माझं वय एकोणसाठ लिहून घ्या म्हटलं. लोक पोट धरून हासले. जानराव म्हणाला, उकंडरावाले पंचायत मानवली. मी हासू दिलं. मग तू सांगतलं तसं तोंड गोड करून पोळ्याचं काढलं, पेजेचंही सांगतलं. म्हटलं, पट्टी भरली ती तांड्यानं, तवा यंदा मानाची जोडी मदनसिंगची. हासणं जागच्या जागी थांबलं. दौलतराव काठीवर हनुवटी ठेवून बसला होता.

मदनसिंग आधी घाबरला, पण तांडा काही घाबरला नाही. तिथं शिंगं रंगवणं सुरू झालं, बायकांनी रात्रंदिवस बसून आरशांची झूल शिवली. झूल अशी की पाहणाऱ्याच्या डोळ्यांवर उजेड पडे. गावात येणारा-जाणारा ती पाहून दौलतरावाच्या दारावरून तारीफ करत जाये.

पोळ्याच्या दोन दिवस आधी सकाळी दौलतराव दारात उभा. काठी नाही. म्हणाला, "उकंड्या, माझं वय चुकलं. एकोणसाठ लिही." मी लिहिलं. त्याचा मोठा पोरगा पन्नाशीचा आहे, म्हणजे हा नवव्या वर्षीच बाप झाला, पण मी मान खाली घालून लिहिलं. पुरी पट्टी भरली, गोठ्याचीही. मग काय, रांग लागली. जानरावाची माय त्याचा कान धरून घेऊन आली. संध्याकाळपर्यंत गावात साठीचा माणूस उरला नाही, निम्मा खर्च जमला अन् वर चार पैसे राहिले. तुझी वहिनी म्हणते, गावच एवढं जवान झालं तर आता माझंही नवं लुगडं आणा.

पोळ्याले दोन जोड्या शेजारी-शेजारी तोरणाखालून गेल्या, दौलतरावाची अन् मदनसिंगची. दौलतराव सारखा त्या झुलीकडे पाहत होता. शेवटी म्हणालाच, मलेही अशी एक शिवून द्या.

बाई, विहीर हातची गेली नाही. माझा जीव भांड्यात पडला.

तुझा
दादा

---

कारंजा
ता. २५ ऑगस्ट १९५५

चि. उकंडास प्रयागबाईचे अनेक आशीर्वाद.

चमकू नको. मी बासष्टाची, तू पंचायतीत लिहून दिलं एकोणसाठ. म्हणजे मी मोठी, तू धाकटा. इथून पुढं पत्रात आधी नमस्कार लिहायचा, मग बातमी. बोलताना आवाज खाली ठेवायचा. वहिनी आता माझी धाकटी भावजय, तिले म्हणावं लुगडं मी घेते, मोठेपणाचा खर्च करावाच लागते.

तुझं पत्र मी तीनदा वाचलं अन् तिन्ही वेळा डोळ्यांत पाणी आलं. शहाणा आहेस रे. पोटाले जप, उन्हात हिंडू नको.

तुझी मोठी बहीण
प्रयागबाई

---

बोरखेडी
ता. १३ फेब्रुवारी १९५६

ती. सौ. प्रयागबाईच्या सेवेशी धाकट्या भावाचा शिरसाष्टांग नमस्कार. झालं समाधान? आता नेहमीसारखा बोलतो.

विहिरीचं काम संक्रांतीले सुरू झालं. सरकारी ओव्हरसियर साहेब आला अन् म्हणाला, दगडकाम सरकार करीन, पण माती गावानं श्रमदानानं काढावी. साठीच्या आतला प्रत्येक घरमालक दर रविवारी आला पाहिजे. आमी सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. तोंड उघडायची सोय कोणाले? सहा महिन्यांमागं आपल्याच तोंडानं जवान झालेले. बाई, आता दर रविवारी गावचे सारे बुढे ओळीनं उभे राहून मातीची टोपली एकमेकांच्या हातात देऊन राह्यले आहेत. माझी कंबर सोमवारी उठू देत नाही. पण खरं सांगू, तीस वर्षांत एवढा हासलो नाही.

माफीचा नियम तसाच आहे. त्याचा फायदा घेणारं गावात आता एकच माणूस. मदनसिंगनं झोपडं मायच्या नावावर केलं, अन् पंचायतीनं पट्टी परत केली. मी रामीबाईले सांगाले गेलो, तर तिनं विचारलं, माफीवाल्यानं काय काम करायचं असते? म्हटलं, काही नाही, बसायचं. तर ती म्हणाली, "बसतात कसं, ते मले कवा कोणी सांगतलं?" ती राबत होती तवा तू तिच्या पाठीवर होतीस अन् मी बांधावर बसून बोरं खात होतो.

दौलतरावानं आपल्या घरची खाट तांड्यात धाडली. निंबाखाली टाकली. पहिल्या दोन रविवारी रामीबाई खाटेवर टेके अन् उठे, टेके अन् उठे, कोणाच्या हातातलं टोपलं घ्याले धावे. बायका तिले धरून बसवत. तिसऱ्या रविवारी बसली. काल तर पाय वर घेऊन बसली होती, अन् तिथूनच ओरडली, "ए पोट्ट्या दौलत, टोपलं अर्धं काहून आणलं?"

सारी ओळ थांबली. दौलतरावाले पोट्ट्या म्हणणारं माणूस या गावात उरलं नव्हतं. तो असा हासला की टोपलं खाली ठेवावं लागलं. अन् बाई, तो परत गेला अन् भरून घेऊन आला.

संध्याकाळी पाणी लागलं. गढूळच होतं. दौलतरावाच्या धोतराच्या सोग्यातून गाळलं अन् पहिला लोटा मी रामीबाईकडे घेऊन गेलो. मले वाटलं, सवयीनं उठून समोर येईन. उठली नाही. बसल्या बसल्या हात पुढं केला अन् सगळा लोटा प्याली.

ओवाळणी घ्याले आता ये. जावईबापूंना आण, त्यांचं वय मी विचारत नाही. तुझी माया या घरावर झऱ्यासारखी राहो.

तुझा
उकंडा