येईल तो कॉलम

३ ऑगस्ट २००४, लातूर
नवीन वही, नवीन अनस. क्लासचे रिझल्ट हातानं टाईप करणं आजपासून बंद. पीएचपीत स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्राम, लिहून राहिलो. टेबलात कॉलम किती, कोणते, मला माहीत असायची गरजच न्हाई. स्क्रिप्ट डेटाबेसला स्वतः विचारणार आणि येईल तो कॉलम छापणार. ऑफिसातल्या नीलाबाई मनाला येईल तेव्हा कॉलम वाढवतात, मला सांगत न्हाईत. आता वाढवा म्हणावं! पुण्याला नोकरीचा अर्ज करायला हरकत न्हाई.

११ ऑगस्ट
चालली! या अल्ला, पहिल्याच झटक्यात. नीलाबाई म्हणाल्या, अनसभाई, लिस्ट लावण्याआधी एकदा वाचत जा. म्हटलं, वाचावंच लागलं तर स्क्रिप्ट कशाला?
दुपारी महादेवी खिडकीशी. बारावी, रोल नंबर ११८, औसा तालुक्यातली. रिझल्ट कधी, आईला फोन करून सांगायचाय म्हणे. दर चाचणीनंतर समोरच्या एसटीडी बूथवर पळते, मैत्रिणी बाहेर थांबतात. लई हुशार पोरगी. शनिवारी लावतो म्हटलं.

१४ ऑगस्ट, सकाळी १०
लिस्ट लावली. बोर्डापुढं एवढी गर्दी कधी बघितली न्हाई. पोरं गप्प उभी राहून वाचून राहिली. मांडणीचा परिणाम.

दुपारी १२
नीलाबाईंनी लिस्ट टराटरा फाडली. जळतात.

दुपारी ४
जळत न्हाईत. शेवटी ‘शेरा’ नावाचा कॉलम होता. नीलाबाईंनी स्वतःच्या माहितीसाठी केलेला. सगळ्यांपुढं रिकामा. ११८ पुढं: आईवडील भूकंपात गेले. मावशीकडे वाढली. वर्गात सांगत नाही. कुणी विषय काढू नये.
भूकंपाला अकरा वर्षं होतील. मग फोन कुणाला करायची? नीलाबाई म्हणाल्या, रिसीव्हर कानाला लावून नुसतीच बोलायची. बूथवाल्याला माहीत होतं. तो कधी कुठं बोलला न्हाई.
आता स्क्रिप्टला काय कळणार? तिला सांगितलं ते तिनं केलं. सांगितलं मी.

१५ ऑगस्ट
झेंडावंदन. महादेवीची माफी मागणार होतो. पण सणासुदीला कशाला रडवायचं? उद्या नक्की.

१७ ऑगस्ट
दिसली. बरोबर मैत्रिणी. त्यांच्यापुढं कसं बोलणार? प्रिंटर बिघडल्यासारखं करून खाली वाकलो. तिनं खिडकीशी येऊन काही विचारलं न्हाई. उद्या नक्की.

२० ऑगस्ट
माफी तोंडपाठ करून तिच्या खोलीवर गेलो. घरमालकीण कोंडाबाई म्हणाल्या, रेणापूरची मावशी आली अन् काल घेऊन गेली. सगळ्या पोरी एकदम लई मायेनं बोलाय लागल्या, तेच तिला सोसंना.
पुढच्या चाचणीला येईलच. हुशार पोरी चाचणी बुडवत न्हाईत.

२८ ऑगस्ट
स्क्रिप्टमध्ये आता मोजून तीन नावं लिहिली: रोल नंबर, नाव, मार्क. दुसरं काही येणारच न्हाई. नव्या चाचणीची लिस्ट लावण्याआधी ओळ न् ओळ वाचली. नीलाबाई शेजारी उभ्या होत्या.
११८ पुढं मार्कांची जागा रिकामी आली. स्क्रिप्टची चूक असेल म्हणून तीनदा चालवली.
स्क्रिप्ट बरोबर हाय.